धागा: सोर्स तोच, पण बिल्ड वेगळं. कंपायलरच्या सेटिंग्जची नोंद कशी ठेवावी?

खाडीकाठ (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. बर्फ कारखान्यातल्या ब्राइनच्या (मिठाच्या थंड पाण्याच्या) टाकीचं तापमान नोंदवणारं यंत्र आहे. कॉर्टेक्स-एम४एफ चिप, सी भाषेतला कोड, साधी मेकफाइल (`मेक` या साधनाला बिल्ड कसं करायचं ते सांगणारी फाइल), कंपायलर एआरएमचा जीसीसी १०.३.१. जुनं बिल्ड (सोर्सपासून तयार केलेला प्रोग्राम) एका लॅपटॉपवर झालं होतं, नवं दुसऱ्या लॅपटॉपवर केलं. गिटमधली कमिट तीच, मेकफाइल तीच, कंपायलरची आवृत्ती तीच.

तरी जुन्या बिल्डवर टाकी उणे १० दाखवते आणि नव्यावर २४६. तापमान वाढल्याची घंटाही अर्थातच वाजते. बिन फाइलचा (चिपमध्ये भरायच्या फाइलचा) आकारसुद्धा थोडा वेगळा येतो.

मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते. एकदा होड्या बाहेर पडल्या की टाकी थांबवून यंत्र उघडायला कोणी देणार नाही, म्हणून त्याआधी हे निस्तरायचं आहे. दोन बिल्डमध्ये नेमकं काय बदललं ते शोधायचं कसं, आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून नोंद कुठे ठेवायची?

उधाण (देवगड)

२५६ वजा १० म्हणजे २४६. तापमान `चार` या एका बाइटच्या प्रकारात ठेवलेलं दिसतंय. साधा `चार` चिन्हासह धरायचा की बिनचिन्हाचा, हे सी भाषेने ठरवलेलं नाही, ते प्लॅटफॉर्मवर सोडलं आहे. इंटेलच्या लिनक्सवर तो चिन्हासह असतो, एआरएमवर बिनचिन्हाचा. म्हणजे तुमचं नवं बिल्ड एआरएमच्या रिवाजाप्रमाणेच वागतंय. वेगळं होतं ते जुनं. त्याला कुठून तरी `-एफसाइन्ड-चार` हा फ्लॅग, म्हणजे कंपायलरला द्यायची सेटिंग, मिळत होता.

मेकफाइलमध्ये तो नसेल तर जुन्या लॅपटॉपच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (टर्मिनलमधून प्रोग्रामना मिळणाऱ्या सेटिंग्जमध्ये) बघा. बॅशआरसीत (टर्मिनल उघडताच चालणाऱ्या फाइलीत) `एक्सपोर्ट सीफ्लॅग्ज=...` अशी ओळ सापडेल. मेक एन्व्हायर्नमेंटमधली प्रत्येक गोष्ट स्वतःचं व्हेरिएबल म्हणून उचलतो. मेकफाइलमध्ये `सीफ्लॅग्ज :=` असेल तर बाहेरचं पुसलं जातं, पण `सीफ्लॅग्ज +=` किंवा `सीफ्लॅग्ज ?=` असेल तर बाहेरचं तसंच आत येतं. मेकफाइलच्या अगदी वरच्या ओळीत, कुठल्याही `+=` च्या आधी, हे टाका:

`$(इन्फो सीफ्लॅग्ज कुठून: $(ओरिजिन सीफ्लॅग्ज))`

उत्तर "एन्व्हायर्नमेंट" आलं तर चोर सापडला. ही ओळ `+=` च्या खाली घातली तर उत्तर "फाइल" येतं आणि फसगत होते.

सुरंगी (मालवण)

उधाण यांचा अंदाज बरोबरच असणार, पण आठवणीवर किंवा मेकफाइलवर विसंबू नका. प्रत्यक्ष बायनरीलाच विचारा. मेकफाइल काय करायचं होतं ते सांगते, काय झालं ते बायनरीच सांगते.

जुनी एल्फ फाइल (जिच्यातून बिन काढतात ती) शिल्लक आहे का? ती `-जी` लावून केली असेल तर जीसीसी आपले बरेचसे फ्लॅग डीबग माहितीत आपणहून लिहून ठेवतो, वेगळं काही सांगावं लागत नाही:

`रीडएल्फ --डीबग-डंप=इन्फो जुनं.एल्फ | ग्रेप डीडब्ल्यू_एटी_प्रोड्यूसर`

प्रत्येक सी फाइलमागे एक ओळ येईल. भाषेचा मानक, कंपायलरची आवृत्ती, मग `-एमसीपीयू=कॉर्टेक्स-एम४ -एमथंब -एमफ्लोट-एबीआय=हार्ड -जी -ओ२` अशी माळ. सगळ्या ओळी एकसारख्या आहेत का तेही बघा. एखादीच फाइल वेगळ्या `-ओ` ने कंपाइल झालेली असते आणि कोणाच्या ध्यानीमनी नसतं.

एक उणीव मात्र लक्षात ठेवा. या ओळीत `-डी` ने दिलेले मॅक्रो आणि `-आय` चे रस्ते येत नाहीत. `-डीएनडीबग` (`ॲसर्ट` च्या तपासण्या बंद करणारा) होता की नव्हता हे इथे कळणार नाही. मॅक्रो हवे असतील तर `-जी३` ने कंपाइल करायचं, मग `--डीबग-डंप=मॅक्रो` ने ते वाचता येतात.

यापुढच्या बिल्डला `-एफरेकॉर्ड-जीसीसी-स्विचेस` लावा. त्याने एल्फमध्ये `.जीसीसी.कमांड.लाइन` नावाचा वेगळा विभाग तयार होतो, तो `रीडएल्फ -पी .जीसीसी.कमांड.लाइन` ने वाचायचा. हा विभाग चिपच्या मेमरीत जात नाही, त्यामुळे फ्लॅशचा एक बाइटही खर्च होत नाही.

खाडीकाठ

सुरंगीताई, इथेच अडलं आहे. जुनी एल्फ जपलेली नाही, फक्त बिन आहे. यंत्रातून वाचून काढलेली प्रतही तिच्याशी जुळते.

सुरंगी

मग फ्लॅगची नोंद त्यात नाहीच. ऑब्जकॉपी बिन बनवताना फक्त मेमरीत बसणारे विभाग उचलतो, बाकी सगळं गळून जातं. पण सूचना तर आहेत, त्यांच्याकडूनच काढून घेऊ. दोन्ही बिन उलगडा:

`ऑब्जडंप -डी -बी बायनरी -एम एआरएम -एम फोर्स-थंब --ॲडजस्ट-व्हीएमए=०एक्स०८०००००० जुनं.बिन`

इथली `-डी` मोठ्या लिपीतली आहे. `-एम` दोनदा आहे, पहिली लहान लिपीत आणि दुसरी मोठ्या. शेवटचा पत्ता एसटीएम३२ च्या फ्लॅशचा आहे, तुमची चिप दुसरी असेल तर तिचा घाला.

चिन्हासह `चार` मेमरीतून उचलायची सूचना `एलडीआरएसबी`, बिनचिन्हाच्या `चार` ची `एलडीआरबी`. रजिस्टरमध्येच रूपांतर झालं असेल तर `एसएक्सटीबी` आणि `यूएक्सटीबी`. दोन्ही फाइलींत चारही सूचना किती वेळा येतात ते `ग्रेप -सी` ने मोजा. जुन्यात `एलडीआरएसबी` भरपूर आणि नव्यात अगदी थोड्या निघाल्या, तर शंकेला जागा उरत नाही. अगदी शून्य येतील असं मात्र नाही, कारण कोडमध्ये `इंट८_टी` (कायम चिन्हासह असणारा ८ बिटांचा प्रकार) वापरला असेल तर तिथे त्या दोन्हीकडे असणारच. शिवाय बिनमधला डेटासुद्धा सूचना समजून उलगडला जातो, त्यातून एखाददुसरी खोटी `एलडीआरएसबी` निघते. दोन आकड्यांतला फरक बघायचा.

पागोळी (अलिबाग)

यात एक तपासणी फार सोपी आहे आणि ती प्रत्येक बिल्डला करून ठेवावी. कंपायलरला रिकामी फाइल देऊन त्याचे स्वतःचे मॅक्रो छापून घ्यायचे:

`एआरएम-नन-ईएबीआय-जीसीसी $(सीफ्लॅग्ज) -डीएम -ई - < /डेव्ह/नल | सॉर्ट > मॅक्रो.टेक्स्ट`

`चार` बिनचिन्हाचा असेल तर यादीत `__चार_अनसाइन्ड__` दिसतो, नसेल तर दिसत नाही. ऑप्टिमायझेशन चालू असेल तर `__ऑप्टिमाइझ__`, फास्ट-मॅथ असेल तर `__फास्ट_मॅथ__`, आणि `__व्हर्जन__` मध्ये आवृत्ती. दोन बिल्डच्या दोन यादींवर डिफ चालवा. फ्लॅगच्या माळांची तुलना करण्यापेक्षा हे खात्रीचं. माळेत क्रमाला महत्त्व असतं, `-ओ२` च्या पुढे `-ओएस` आला की शेवटचा जिंकतो, आणि माळ सॉर्ट केली की नेमकं तेच हरवतं. ऑप्टिमायझेशनचा निव्वळ परिणाम बघायचा तर `-क्यू --हेल्प=ऑप्टिमायझर्स` लावा, प्रत्येक पर्यायापुढे चालू की बंद ते छापून येतं.

फ्लॅग तेच ठेवून कंपायलर बदलला तरी सेटिंग बदलते, हे बरेच जण विसरतात. जीसीसी १० पासून `-एफनो-कॉमन` आपोआप लागू झाला, त्यामुळे हेडरमध्ये `एक्स्टर्न` न लिहिता ठेवलेलं ग्लोबल व्हेरिएबल लिंक करताना दोनदा सापडतं. जीसीसी १२ पासून `-ओ२` मध्येच व्हेक्टरायझेशन येतं. जीसीसी १५ पासून मानक न दिल्यास सी२३ धरला जातो. म्हणून `-एसटीडी=जीएनयू११` असं स्पष्ट लिहावं, आणि आवृत्तीची नोंद फ्लॅगच्या शेजारीच ठेवावी.

रातांबा (कुडाळ)

ता सगळा खरा, पण मेक काय करता ता पण बघा. मेकाक फ्लॅग समजणतच नाय, तेका फक्त फाइलीची वेळ समजता.

म्हणजे `-एफसाइन्ड-चार` मेकफाइलमध्ये घालून नुसतं `मेक` मारलं तर जुन्या ओ फाइली (प्रत्येक सी फाइलपासून झालेले तुकडे) तशाच राहतील, कारण सी फाइल बदललेली नाही. मग एखादी फाइल बदलाल, तेवढीच नव्या फ्लॅगने कंपाइल होईल, आणि अर्धी चिन्हासह अर्धी बिनचिन्हाची अशी मिसळ लिंक होईल. लिंकर (हे तुकडे जोडणारा) चकार शब्द काढणार नाही. त्यावर हा जुना, खात्रीचा उपाय:

```
बिल्ड/फ्लॅग्ज.टेक्स्ट: फोर्स
	@इको '$(सीसी) $(सीफ्लॅग्ज)' | सीएमपी -एस - $@ || इको '$(सीसी) $(सीफ्लॅग्ज)' > $@

बिल्ड/%.ओ: %.सी बिल्ड/फ्लॅग्ज.टेक्स्ट
	$(सीसी) $(सीफ्लॅग्ज) -एमएमडी -एमपी -सी $< -ओ $@

.फोनी: फोर्स
```

फ्लॅग्ज.टेक्स्ट दर वेळी तपासली जाते, पण मजकूर बदलला तरच पुन्हा लिहिली जाते. तिची वेळ बदलली की सगळ्या ओ फाइली नव्याने होतात, एरवी काहीच होत नाही. रेसिपीच्या ओळीआधी टॅब हवा, स्पेस नको. फ्लॅगमध्ये एकेरी अवतरण असेल तर हा इको मोडतो, मग मेक ४ मधलं `$(फाइल >...)` वापरा.

निन्जाला (मेकच्या जागी वापरायचं साधन) हा त्रास नाही. तो प्रत्येक कमांडचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) आपल्या लॉगमध्ये ठेवतो आणि कमांड बदलली की ती फाइल परत करतो. लिनक्स कर्नलचं केबिल्ड प्रत्येक ओ फाइलशेजारी तिची कमांड सीएमडी फाइलमध्ये लिहून ठेवतं, तत्त्व तेच.

शिडाचीनाव (दापोली)

सीमेक (मेकफाइल किंवा निन्जाच्या फाइली आपोआप लिहिणारं साधन) वापरणाऱ्यांसाठी. सीमेक एन्व्हायर्नमेंटमधले सीफ्लॅग्ज फक्त पहिल्या कॉन्फिगरला वाचतो आणि सीमेककॅश.टेक्स्टमध्ये लिहून टाकतो. नंतर बॅशआरसी बदलली तरी त्या बिल्ड फोल्डरला पत्ताही लागत नाही. म्हणून एकाच लॅपटॉपवर जुनं फोल्डर एक निकाल देतं आणि नवं फोल्डर दुसरा. सीमेक ३.२४ पासून `--फ्रेश` आहे, त्याने कॅश टाकून नव्याने सुरुवात होते. आधीच्या आवृत्तीत फोल्डरच उडवा.

`सीमेक_बिल्ड_टाइप` रिकामा सोडू नका. मेक किंवा निन्जा जनरेटरवर तो रिकामा असला तर ना ऑप्टिमायझेशन, ना `-डीएनडीबग`. जीसीसीवर `रिलीज` म्हणजे `-ओ३ -डीएनडीबग`, `रेलविथडेबइन्फो` म्हणजे `-ओ२ -जी -डीएनडीबग`, `मिनसाइझरेल` म्हणजे `-ओएस -डीएनडीबग`. `ॲसर्ट` च्या कंसात कोणी फंक्शन कॉल लिहून ठेवला असेल तर `-डीएनडीबग` आला की तो कॉलच होत नाही.

हे पर्याय तोंडी सांगण्यापेक्षा सीमेकप्रीसेट्स.जेसन मध्ये लिहून गिटमध्ये टाका, ३.१९ पासून ती सोय आहे. आणि `सीमेक_एक्स्पोर्ट_कंपाइल_कमांड्स=ऑन` केलं की प्रत्येक फाइलची पूर्ण कमांड कंपाइल_कमांड्स.जेसन मध्ये मिळते. तीही प्रत्येक रिलीजसोबत जपा.

उधाण

पावसाळ्यातली एक गोष्ट इथे कोणी लिहिली नाही. कंपाइल चालू असताना वीज गेली आणि मशीन यूपीएसशिवाय असलं तर डिस्कवर अर्धवट किंवा शून्य बाइटच्या फाइली राहतात, आणि त्यांची वेळ सी फाइलीपेक्षा नवी असते. मेक त्यांना तयार समजतो. ओ फाइल शून्य बाइटची असेल तर लिंकर ओरडतो, ते बरं. घातक असते ती शून्य बाइटची डी फाइल. कुठली सी फाइल कुठल्या हेडरवर अवलंबून आहे ती यादी तिच्यात असते. ती रिकामी झाली की हेडर बदलला तरी ती सी फाइल परत कंपाइल होत नाही, आणि कुठलाही इशारा येत नाही. `.डिलीट_ऑन_एरर` इथे कामाचं नाही, कारण वीज गेल्यावर ते चालवायला मेकच जिवंत नसतो.

वीज जाऊन आली की बिल्ड फोल्डर पूर्ण पुसा आणि परत करा. वेळ वाचवायला सीकॅश (आधी झालेल्या ओ फाइली जपून परत देणारं साधन) लावा. तो फ्लॅगही हॅशमध्ये धरतो, त्यामुळे चुकीची ओ फाइल देत नाही. कंपायलर ओळखताना मात्र तो एरवी फक्त फाइलची वेळ आणि आकार बघतो. टूलचेन (कंपायलर, लिंकर वगैरेंचा संच) पेन ड्राइव्हवरून इकडून तिकडे नेत असाल तर `कंपायलर_चेक = कंटेंट` ठेवा.

खाडीकाठ

मोजून झालं. जुन्या बिनमध्ये `एलडीआरएसबी` ढीगभर, नव्यात फक्त ४. जुन्या लॅपटॉपच्या बॅशआरसीत `-एफसाइन्ड-चार` ची ओळही सापडली, आणि मेकफाइलमध्ये `+=` आहे. सगळ्यांचे मनापासून आभार.

आता प्रश्न असा, की फ्लॅग परत लावावा की कोडमध्ये `चार` च्या जागी `इंट८_टी` करावा?

सुरंगी

दोन्ही करा, पण एकदम करू नका.

आधी फक्त फ्लॅग लावून जुनं बिन बाइट-न्-बाइट परत निर्माण करा. ते जमलं की जुन्या बिल्डमध्ये आणखी काही दडलेलं नाही हे सिद्ध होतं. हा टप्पा गाळून थेट कोड दुरुस्त केला तर दुसरा एखादा हरवलेला फ्लॅग तसाच राहून जाईल आणि तो ऑगस्टमध्ये टाकी चालू असताना डोकं वर काढेल.

सुरुवातीच्या बॅनरमध्ये `__डेट__` आणि `__टाइम__` असेल तर तेवढ्यानेच बिन वेगळी येईल. जुन्या बिनवर `स्ट्रिंग्ज` चालवून ती तारीख-वेळ वाचा, तिचे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद काढा आणि `सोर्स_डेट_ईपॉक` मध्ये घाला, जीसीसी ७ पासून तो मानतो. हा आकडा यूटीसी धरून छापला जातो, म्हणून बॅनरमधली वेळ भारतीय असली तरी ती यूटीसी समजूनच सेकंद काढायचे, नाहीतर साडेपाच तासांचा फरक पडतो. `__फाइल__` वापरलं असेल तर फोल्डरचा रस्ताही बिनमध्ये जातो. `-एफफाइल-प्रीफिक्स-मॅप=$(कर्डिर)=.` लावला की यापुढे तो प्रश्न मिटतो, पण जुन्याशी जुळवायला मात्र जुन्याच रस्त्याचं फोल्डर करून त्यात कंपाइल करा.

बिन जुळली की दुसऱ्या कमिटमध्ये `इंट८_टी` करा, `सीफ्लॅग्ज :=` करा, आणि फ्लॅग मेकफाइलमध्येच उघड लिहा. जिथे अजून साधा `चार` आकड्यासाठी वापरला आहे तिथे ही ओळ घाला:

`_स्टॅटिक_असर्ट((चार)-१ < ०, "चार चिन्हासह हवा");`

मग फ्लॅग कुठूनही गळाला तरी कंपाइलच होणार नाही. `-डब्ल्यूएक्स्ट्रा` सुद्धा लावा. त्यातला टाइप-लिमिट्सचा इशारा "ही तुलना कायम खोटी" असं सांगतो, बिनचिन्हाच्या `चार` ची शून्याशी केलेली तुलना त्यात पकडली जाते.

पागोळी

आणि नोंद कुठे ठेवावी हा मूळ प्रश्न. पूर्ण फ्लॅगची माळ फर्मवेअरमध्ये कोंबू नका, ओळखपत्र ठेवा. लिंकरला `-डब्ल्यूएल,--बिल्ड-आयडी` द्या. तो तयार झालेल्या फाइलचा २० बाइटचा एसएचए-१ काढतो, शीर्षकासकट एकूण ३६ बाइट लागतात. लिंकर स्क्रिप्टमध्ये फ्लॅशच्या भागात `कीप(*(.नोट.जीएनयू.बिल्ड-आयडी))` लिहिलं नाही तर हा विभाग भलतीकडे जाऊन बसतो, म्हणून ते आधी. यंत्राच्या पडद्यावर पहिली आठ अक्षरं दाखवा.

मग कार्यालयातल्या डिस्कवर त्याच नावाचं फोल्डर. त्यात एल्फ, मॅप फाइल, फ्लॅग्ज.टेक्स्ट, मॅक्रो.टेक्स्ट, कंपायलरच्या `-व्ही` चा मजकूर, आणि `गिट डिस्क्राइब --ऑलवेज --डर्टी`. शेवटी "डर्टी" आलं तर ते बिल्ड कारखान्यात जाऊ देऊ नका, कमिट न केलेला बदल त्यात आहे. टूलचेनची संकुचित फाइलही एसएचए-२५६ सह तिथेच ठेवा. पावसात नेट बसलं की शेकडो एमबी परत उतरवत बसणं होत नाही.

रातांबा

बिल्ड स्वच्छ एन्व्हायर्नमेंटमध्ये करायचा, म्हणजे बॅशआरसीचा प्रश्नच उरणा नाय: `ईएनव्ही -आय पाथ="$पाथ" मेक`. रिलीजचा बिल्ड तरी असोच करा.

खाडीकाठ

बिन जुळली. बॅनरची वेळ यूटीसी धरल्यावर एकही बाइट वेगळा नाही. आता `इंट८_टी` ची कमिट केली आहे, उद्या टाकीवर चढवतो.

एक राहिलं. सेन्सर बनवणाऱ्यांनी दिलेली तयार ए लायब्ररी (ओ फाइलींचा गठ्ठा) आहे, तिचा सोर्स नाही. ती कुठल्या सेटिंगने झाली ते कसं बघायचं?

उधाण

`रीडएल्फ -ए`, इथली `-ए` मोठ्या लिपीतली, त्या ए फाइलवर चालवा. प्रत्येक ओ फाइलचे एआरएम गुणधर्म येतात. `टॅग_एबीआय_व्हीएफपी_आर्ग्ज` दिसला तर हार्ड-फ्लोट, `टॅग_एबीआय_एनम_साइझ` मध्ये एनम छोटा की ३२ बिटांचा. या दोन्हींत तफावत असली तर लिंकर बोलतो, पहिल्यावर अडतो आणि दुसऱ्यावर इशारा देतो. `चार` चा गुणधर्म त्यात नाही. तेव्हा लायब्ररीच्या हेडरमधलं प्रत्येक फंक्शन बघा. जे साधा `चार` परत देतं त्याचा निकाल घेतल्या घेतल्या `(इंट८_टी)` करून घ्या. जिथे `चार` आत पाठवायचा आहे तिथे ३२ बिटांपर्यंतचा विस्तार बोलावणारा कोडच करतो, त्यामुळे फंक्शनच्या सुरुवातीला `एसएक्सटीबी` किंवा `यूएक्सटीबी` सापडेलच असं नाही, म्हणून त्यांचा `चार` कुठला ते लायब्ररी बनवणाऱ्यांनाच विचारा. लायब्ररी बदलून आली की हे परत करायचं.